खंडेनवमीचा फणस

माझ्या भावाने घरात रस काढायचं यंत्र आणलं, त्या दिवसापासून देवासच्या आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही, असं माझं मत आहे. मी राहते धारला. पण माहेरच्या स्वयंपाकघरात काय शिजतं यावर मत द्यायला अंतर आड येत नाही, आणि माझी मतं कुणी विचारेपर्यंत थांबतही नाहीत.

राखीला गेले तेव्हा तो सगळा प्रकार पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. सकाळी पिठाच्या गिरणीसारखा आवाज सुरू झाला म्हणून उठून आले, तर भाऊ त्या यंत्राच्या नळकांड्यात पालकाची जुडी कोंबत होता. मागोमाग दुधी गेला, काकडी गेली, कडुलिंबाची पानं गेली आणि शेवटी चवीपुरता आवळा. ज्या पदार्थाला चव यावी म्हणून आवळा घालावा लागतो, त्याच्याबद्दल आणखी काय बोलायचं? एका तोंडाने हिरवं पाणी आणि दुसऱ्या तोंडाने चोथा. त्या चोथ्याची भावजय थालीपिठं लावत होती. भाजी तशी स्वस्त असते, पण ती एवढी लागायची की भाजीवाल्याने तिला विचारलं होतं, "भाभीजी, गाय पाल ली क्या?" हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. गाय पाळली असती तर निदान दूध तरी मिळालं असतं.

कारण दूध बंद होतं. दही, तूप, ताक, सगळंच बंद. चहात काजूचं दूध. दही शेंगदाण्याचं, आणि ते दही आहे हे आधी सांगावं लागे. भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस नारळाच्या दुधात शिजवलेला. माळव्यात जन्मून भुट्ट्याच्या किसात नारळ घालणाऱ्याला खरं म्हणजे नर्मदापार सोडून यायला हवं. रविवारी बाफले केले, ते तुपाविना. बाफला तुपात बुडाला नाही तर तो नुसता कणकेचा गोळा असतो, आणि तो गोळा वरणात बुडवून भाऊ मला विचारतो, "कसं हलकं वाटतंय ना, जिजी?"

"वाटतंय," मी म्हटलं. "उठून दुसरीकडे जेवायला जाण्याइतकं हलकं वाटतंय."

तो हसला. त्याचं हे एक आहे, त्याला काही लागत नाही. मी लहानपणापासून त्याला टाकून बोलत आले आणि तो दात काढत आला. पन्नाशी आली त्याची, औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांची एजन्सी आहे, चार माणसं हाताखाली आहेत, पण उत्साह शाळेतल्या पोराचा. कधी योग, कधी सायकल. आता झाडपाला. मोबाइलवर कुणीतरी चिकण्या कातडीचा माणूस सांगतो आणि हा ऐकतो. भाऊबंदांच्या ग्रुपवर रोज हिरव्या पेल्याचा फोटो, खाली हात जोडलेली चित्रं. मी तिथेही लिहायची. माझ्या वाक्यांना हसणारे पुष्कळ होते, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

पण मला खरा राग यायचा तो आबांकडे पाहून. आबा म्हणजे आमचे वडील. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं, इंदूरला नेलं, हृदयात जाळी बसवली. ऐंशीला टेकलेला माणूस चालत घरी आला, यात सगळं आलं. डॉक्टरांनी तेलकट कमी करा म्हणून सांगितलं होतं, महिन्यातून एकदा मटणाच्या दोन फोडी खाल्ल्या तरी हरकत नाही असंही सांगितलं होतं. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि आता आबा ओसरीवर बसून, स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून, ते हिरवं पाणी घोट घोट पीत होते. तक्रार नाही, शिवी नाही. ज्यांच्या ताटात मीठ कमी पडलं तर शेजारच्या घरात कळायचं, ते माझे आबा.

"आबा, हे तुम्हाला आवडतं?" मी विचारलं.

"पितो," ते म्हणाले आणि पेला पुन्हा तोंडाला लावला.

मी त्याच दिवशी ठरवलं की भावाने माझ्या बापाला मुलासारखं दामटून बसवलंय.

आता आबा कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का पेटले ते कळणार नाही. आमचे पूर्वज दक्खनेतून दरबाराबरोबर इकडे आले. आजोबांकडे संस्थानच्या मुदपाकखान्याची, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघराची, देखरेख होती. संस्थान गेलं, दरबार गेला, आबांनी कारखान्याच्या भांडारात नोकरी करून जन्म काढला. दरबाराचं म्हणून घरात दोनच गोष्टी उरल्या. एक तलवार, जिने आता कांदाही चिरला जायचा नाही. आणि दुसरं, खंडेनवमीचं मटण.

नवरात्र संपताना, खंडेनवमीला शस्त्रं पुजली की आमच्यात सामिष नैवेद्य असतो. ते मटण घरातल्या चुलीवर शिजत नाही. ते मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजतं, आणि शिजवतात पुरुष. बायकांनी त्या दिवशी तिकडे फिरकायचंही नाही. आबा पहाटे धोतर नेसून चुलीपाशी पाटावर बसत, ते पंगत उठेपर्यंत. इंदूर, उज्जैन, धारहून भाऊबंद येत. आणि तिखट-मसाला पडायच्या आधी, नुसत्या हळद-मिठात उकळलेला तो पहिला रस्सा, त्याला आम्ही अळणी म्हणतो, तो आबा स्वतःच्या हाताने छोट्या पेल्यांतून वाटत. लेकरांना आधी, मग आजारी माणसाला, मग बाकीच्यांना. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक पोराने मटणाची पहिली चव आबांच्या हातून घेतली आहे. वर्षभर भांडाराच्या खिडकीत बसणारा माणूस त्या एका दिवशी त्या पाटावर कुणीतरी असायचा. कारखान्यातला साहेब माणूसही भाऊबंदांत होता, तोसुद्धा पेला घेताना वाकायचा.

ती जागा जाणार, याची मला भीती होती. आणि ती घालवणार माझा भाऊ, पालकाची जुडी हातात घेऊन.

त्यात मध्येच एक गोष्ट घडली. भाद्रपदात भाऊ कामाने धारला आला आणि दुपारी माझ्याकडे जेवायला थांबला. घरात मटण होतं. मी मुद्दाम विचारलं, "तुझ्यासाठी अंगणातलं गवत कापून आणू का?" तो पाटावर बसला आणि दोनदा मटण मागून घेतलं. हाडंसुद्धा चोखली. निघताना म्हणाला, "घरी सांगू नको हं, जिजी."

मी सांगितलं नाही, पण मनातून तो पार उतरला. वेडा माणूस एक वेळ परवडतो. हा ढोंगी निघाला. स्वतः चोरून हाडं चोखायची आणि म्हाताऱ्याला चोथ्याची थालीपिठं घालायची! त्यानंतर ग्रुपवर मी जास्त तिखट लिहू लागले. तो खाली हसरे चेहरे टाकत राहिला.

मग नवरात्र बसलं आणि त्याचा फोन आला.

"जिजी, यंदा नवमीला आपण फणस करतोय."

"कशाबरोबर?"

"मटणाऐवजी. सेम मसाला, सेम सगळं. कच्चा फणस शिजला की मटणासारखे रेशे-रेशे होतात, कळतच नाही. आणि अळणीऐवजी रस ठेवू. थोडं मॉडर्न करू यार."

"अश्विनात फणस कुठल्या झाडाला लागलाय?"

"डब्यातला मिळतो. मागवलाय."

मी फोन ठेवला. डब्यातला, मिठाच्या पाण्यात मुरवलेला, कुठल्यातरी गोदामात वर्षभर पडलेला फणस माझ्या आबांनी पाटावर बसून शिजवायचा, आणि अळणीच्या पेल्यांतून दुधीचं पाणी वाटायचं! दरबाराच्या मुदपाकखान्यातून निघालेली विद्या शेवटी डब्याचं झाकण उघडण्यापाशी येऊन थांबली. मी त्याच संध्याकाळी ठरवलं, मटण मी घेऊन जाणार. मटण चुलीपाशी पोचलं की पुढचं आबा बघून घेतील. मुलापुढे दबलेला बाप भाऊबंदांपुढे दबायचा नाही.

नवरात्रात मटणाची दुकानं निम्मी बंद असतात, पण आमच्या ओळखीच्याने पहाटे घरून काढून दिलं. मोठा स्टीलचा डबा, आत बर्फ, वरून दोन पंचे, वर पिशवी. इंदूरपर्यंतची बस बरी गेली. इंदूरहून देवासच्या बसमध्ये मात्र सगळी टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं. बायका अनवाणी, नऊ दिवसांचे उपास, हातात चुनरी आणि नारळ. मी मधोमध, मांडीवर पाच किलो बोकड. शेजारच्या बाईने डब्याला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "माताजी का प्रसाद है, दीदी?"

"हां," मी म्हटलं. आमच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं.

घरी पोचले तर देवघरात पूजा चालू होती. चौरंगावर ती गंजकी तलवार, तिच्याजवळ गाडीची किल्ली, आणि त्यांच्या शेजारी, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेलं रसाचं यंत्र. शस्त्रपूजेत! भावजय म्हणाली, "वन्सं, या ना, हळदकुंकू वाहा." मी तलवारीला वाहिलं, किल्लीला वाहिलं आणि हात मागे घेतला. भाऊ तोंड दाबून हसत होता. तसाच त्याला सोडून मी पिशवी घेऊन मागच्या दाराने अंगणात गेले. बाईमाणसाने त्या दिवशी तिथे जायचं नसतं हे मला माहीत होतं. पण जिथे यंत्राला माळ चालते तिथे मीही चालते.

आबा पाटावर बसले होते. चूल पेटलेली होती, पातेलं वर चढलेलं होतं, कांदा-खोबरं भाजून वाटून तयार होतं. वास तोच, लहानपणचा. बाजूला परातीत पांढरट फणसाच्या फोडी निथळत पडल्या होत्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला, पंचे काढले, झाकण उघडलं.

"आबा, पाच किलो आहे. धारचं. ते फेका आणि हे चढवा. भाऊबंद यायला अजून दोन तास आहेत. त्याला मी बघते."

आबांनी डब्यात पाहिलं. एक फोड उचलून अंगठ्याने दाबली. "कोवळं आहे," ते म्हणाले. "चांगलं निवडलंस." मग ती फोड परत डब्यात ठेवली, पाण्याने हात धुतला आणि झाकण लावलं.

"घेऊन जा, बाई."

"का? त्याला घाबरता?"

"त्याला कशाला घाबरू?" ते म्हणाले. थोडा वेळ लाकडं पुढे-मागे करत राहिले. मग खाली बघूनच बोलले. "हे सगळं माझ्यासाठीच करतोय तो."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"इंदूरला त्या खोलीत होतो ना," आबा म्हणाले, "तेव्हा रात्रभर तो माझ्याजवळ होता. मी रडलो त्याच्यापुढे. म्हटलं, मला मरायचं नाही रे. ऐंशी वर्षांचा घोडा, आणि रडलो. डॉक्टर म्हणतात दोन फोडी चालतील. चालत असतील. पण घरी आल्यावर एकदा तुझ्या भावजयीने केलं, आणि वास आला तसं छातीत धडधडायला लागलं. घासच उतरेना. भीती बसली गं मटणाची. मला! नवमीला कोण बसणार होतं मग या पाटावर?"

"मग तसं सांगायचं सगळ्यांना. जाळी बसवलेल्या माणसाला कोण काय म्हणणार आहे?"

आबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "तू आपल्या लोकांना ओळखत नाहीस? ज्याचा बाप मुदपाकखाना बघायचा तो मटणाला भ्याला. जन्मभर पुरलं असतं त्यांना. तोच म्हणाला, आबा, मी सोडतो. सगळं सोडतो, दूधदुभत्यापासून. म्हणजे तुमच्याकडे कुणी बघणार नाही. घरात एक वेडा असला की लोक वेड्याकडे बघतात. मुलगा खुळा निघाला म्हणतात, ते चालतं. बाप भ्याला म्हणाले तर चालत नाही."

मला धारचा पाट आठवला. दोनदा मागून घेतलेलं मटण, चोखलेली हाडं, आणि मी मनात ठेवलेला 'ढोंगी' हा शब्द. वर्षभर मी भावाला जे जे बोलले होते ते सगळं एकदम उलटून माझ्यावरच आलं. माझ्या बोलण्याने त्याचं काम सोपं होत गेलं होतं, हे तर आणखी वाईट. मी जेवढी जोरात हसवत होते तेवढं आबांचं भय झाकलं जात होतं.

"मी आता त्याला एक शब्द बोलणार नाही," मी म्हटलं.

"तसं करू नको," आबा घाईने म्हणाले. "तू गप्प बसलीस तर सगळ्यांना संशय येईल. तुझं तोंड बंद झालेलं आजवर कुणी पाहिलंय? बोल तू. नेहमीसारखं बोल."

मी डबा उचलला आणि शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवून आले. शेजारीण खूश झाली, तिला वाटलं तिच्यासाठीच आहे. परत न्यायला मी गेले नाही.

दुपारी भाऊबंद जमले. चुलीभोवती पुरुष, दारात बायका, मध्ये पोरं. आमच्या भाऊबंदांबद्दल मला पूर्वीही फार आदर नव्हता, त्या दिवशी उरलासुरला गेला. कुणाचं कपड्याचं दुकान, कुणी कारकून, कुणाला साखरेच्या गोळ्या, कुणाला रक्तदाबाच्या. घरी बायकोने वाढलेला दुधी मुकाट्याने गिळणारे सगळे, पण त्या अंगणात आले की छाती पुढे. फेट्याशिवायचे सरदार. फणसाची बातमी ग्रुपवर आधीच पोचलेली होती, त्यामुळे सगळे दात परजूनच आले होते. इंदूरचा चुलतभाऊ पातेल्यात डोकावून म्हणाला, "क्या भिया, इस बार बकरा पेड़ पे लगा था क्या?" अंगण हसलं. भाऊही हसला.

मग अळणीचे पेले आले, हिरव्या रसाने भरलेले. आबांनी ते एकेक करून वाटले, नेहमीसारखे, लेकरांना आधी. पोरांनी तोंडं वाकडी केली. साहेब माणूसही पुढे आला आणि पेला घेताना सवयीने वाकला. मग आबांनी आपला पेला घेतला आणि सगळ्यांसमोर, मुलाच्या हट्टाला मान दिल्यासारखा चेहरा करून, पिऊन टाकला. लोक त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. काय सोसतो म्हातारा, असं.

मला ते बघवेना. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं नाही की मी बराच वेळ काहीच बोललेले नाही.

"काय जिजी," चुलतभावाने हाक मारली, "आज चुप काय? यंदा तुझी पण तलवार गंजली का?"

सगळे माझ्याकडे वळले. आबांचा हात पळीवर थांबला. भाऊ पातेल्याच्या पलीकडे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आबांनी मला सांगितलंय हे त्याला कळलंय. त्याने 'बोल' म्हटल्यासारखी मान अगदी थोडी हलवली. त्याच्या बोटाला पट्टी होती, फणसाचा डबा उघडताना पत्रा लागला होता.

"गंजली नाही रे," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला, म्हणून जरा चढवला. "हिशेब करत होते. आजोबांनी म्हणे वाघ मारला. आबांनी जन्मभर बोकड रांधला. आणि ह्या शूरवीराने काल डब्याचं झाकण उघडताना बोट कापून घेतलं. काही म्हणा, नवमीला घराण्याचं रक्त सांडायचं ते सांडलंच."

अंगण फुटलं. चुलतभावाने मांडीवर थाप मारली, दारातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भावाने पट्टी बांधलेलं बोट वर करून सगळीकडे वळून मुजरा केला, तसा हशा आणखी वाढला. आणि आबांनी पळी पुन्हा फिरवायला घेतली, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करता, पोटी असाच निपजला."

सगळ्यांत जोरात भाऊ हसला. मला आबांचा इतका संताप आला की पातेलं लाथाडावंसं वाटलं, आणि भावापुढे मान खाली घालावीशी वाटली. पण माझी मान खाली गेलेली त्या लोकांनी आजवर पाहिलेली नव्हती. म्हणून मी हसत राहिले.